खाईत उभे राहिलेले पाय

"मग मी पोचलो का न्हाई, तेवढं सांगा बाबा."

सर्जेराव चौगुले दर्ग्याच्या ओट्यावर ऐसपैस बसून विचारत होता. तालीम सुटून वर्षं झाली होती, पण आवाज अजून तालमीतलाच. तो ऐकून ओट्यावरची कबुतरं उडाली.

नबीलालबाबा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं जायला निघाला हुतास?"

"चेष्टा करू नका. सगळ्या गावानं बघितलंय."

गावानं बघितलं होतं, हे खरं. मोहरमात पिराचा पंजा हातात घेऊन निखाऱ्यांच्या खाईतून जायचं, ही त्या गावची जुनी रीत. मुसलमान जातात, मराठे जातात, लिंगायतही जातात. सगळे झपाझप पाय उचलतात आणि पलीकडे होतात. यंदा सर्जेराव मधोमध थांबला. पंजा वर धरून उभाच राहिला. बायकांनी तोंडाला पदर लावला, म्हाताऱ्यांनी हात जोडले.

तेव्हापासून सर्जेरावाचे पाय जमिनीला लागायला उसंत नव्हती. लोक ते कपाळाला लावत होते. गावाला एक सिद्धपुरुष हवाच असतो, आणि नसला तर गाव आपल्यातलाच एक उचलून तयार करतं.

"माझ्या आदी तुम्ही खाईतनं गेला," सर्जेराव म्हणाला. "पळत गेला."

"पळालो."

"हाय हाय करत."

"भाजतंय रे."

"एवढी वर्सं पिराची सेवा करून?"

"दर वर्सी भाजतंय," बाबा म्हणाले. "इस्तव हाय त्यो."

सर्जेराव हसला. त्या हसण्यात म्हाताऱ्याची थोडी कीवही होती.

"मला न्हाई भाजत."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

भिंतीला मोरपिसांचा कुंचा टांगलेला होता. तापानं फणफणलेलं पोर आणा, माहेरहून आलेली लेक आणा, बाबा तो कुंचा डोक्यावरून फिरवायचे आणि पुटपुटत दुवा द्यायचे. बाबांच्या मागे कोणी नव्हतं. कुंचा पुढे कोणाच्या हाती जाणार, यावर पारावर दिवस दिवस चर्चा चालायची.

"मग त्यो कुंचा आता मला द्या," सर्जेराव म्हणाला.

बाबा उठले आणि त्यांनी कुंचा काढला. इतक्या सहज काढला की मागणाराच गडबडला.

"देतो. पाय लांब कर. डोळे मीट."

"मंत्र देणार?"

"मीट की आदी."

सर्जेरावानं डोळे मिटले. बाबा त्याच्या पायाशी बसले. आपला गुरू आपल्या पायाशी बसलाय, हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही कळलं. तो संकोचला, आणि खरं सांगायचं तर सुखावलाही.

"कुंचा कुठल्या पायावरनं फिरतोय?"

सर्जेरावानं अंदाज घेतला. कपाळावर आठी पडली…

"डाव्या."

"आता?"

"उजव्या. बोटांवर."

"आता?"

"दोन्ही."

"उघड डोळे."

कुंचा बाबांच्या मांडीवर पडला होता. त्यांच्या चिमटीत बाभळीचा काटा होता, करंगळीएवढा. टोकाला रक्त कमी आणि पू जास्त.

"ह्यो कुठला?"

"तुज्या टाचंतला."

"कवा काढला?"

"तू उजवा पाय म्हणालास तवा. मी डाव्यातनं काढत हुतो."

सर्जेराव काट्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा एकदम उजळला. माणूस बुडतानासुद्धा फुशारकी सोडत नाही.

"म्हंजे बघा की बाबा! काटा रुतला, काढला, मला पत्ता न्हाई. देहच सुटलाय माजा. आनि काय पायजे?"

बाबा उठले. आत जाऊन त्यांनी एक आरसा आणला. बायकांचा, प्लास्टिकच्या गुलाबी चौकटीचा. तो त्यांनी सर्जेरावाच्या तळव्याखाली धरला.

"बघ."

फोड येऊन फुटले होते. कातडी पांढरी पडून लोंबत होती. अंगठ्याच्या खाली रुपयाएवढी जागा होती, तिथे कातडी नव्हतीच.

"…लोकं रोज पाया पडत्यात," सर्जेराव म्हणाला. "कुनी बोललं न्हाई."

"वरनं पडत्यात. तळवा कोन बघतंय?"

फाटकाबाहेर एक बाई तान्हं पोर घेऊन उभी होती. पोराला त्या पायांखाली घालायचं होतं तिला. सर्जेरावानं तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही पाय धोतराखाली ओढून घेतले.

"मागं दवाखान्यात गेलतास, डॉक्टर काय म्हणाला हुता?" बाबांनी विचारलं.

"शुगर म्हणाला. नसा मेल्यात म्हणाला. गोळ्या दिल्या, मऊ चपला घाल म्हणाला, पाय रोज बघत जा म्हणाला." सर्जेराव थुंकल्यासारखं बोलला. "डॉक्टरला पिराचं काय कळतंय?"

"गोळ्या?"

"वढ्यात टाकल्या."

"का?"

आता मात्र सर्जेरावानं मान खाली घातली. बाबांनी घाई केली नाही. ओट्यावर कबुतरं परत येऊन बसली.

"पोरगं गेलं त्या साली," तो म्हणाला, "पाय पेटायला लागलं. रातभर आग. मिरची चोळल्यागत. पांघरुण टेकलं तरी जीव जायचा. आनि छातीत ही दुसरी आग. ऊस भरायला गेलेलं पोरगं ट्रॉलीखाली घावलं, मी वळखलं ते त्याच्या शर्टवरनं…"

बाबांनी मान हलवली. त्या पोराच्या डोक्यावरूनही त्यांनी कुंचा फिरवला होता.

"मी हितं येऊन पडलो हुतो. ह्याच पायरीवर. पिराला म्हटलं, पोरगं माघारी मागत न्हाई. फकस्त हे सोसंना, ह्याची जान काढून घे. बस. दुसरं काय मागितलं न्हाई."

"मग?"

"मग एक दिस पायाची आग थांबली. एकदम. मला कळलं, ऐकलं त्यानं." सर्जेराव पुढे झुकला. हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. "पायापासनं सुरवात केलीया बाबा. आदी बोटं गेली, मग घोटं, आता पोटऱ्या. वर चढत येतंय. मी रोज चिमटा काढून बघतोय, कुठवर आलं. चढत चढत एक दिस हितं येणार."

त्यानं छातीवर हात ठेवला.

"म्हणून गोळ्या टाकल्या. मधीच थांबलं तर?"

मला वाटतं, इतका वेळ बाबा त्या पैलवानाची पोकळ ऐट बघत होते. आता त्यांना ऐटीखालचं दिसलं. त्यांनी हातातला आरसा पालथा केला.

"ह्यो मलनबीचा," ते म्हणाले.

मलनबी म्हणजे बाबांची बायको. ती जाऊन बरेच दिवस झाले होते.

"तिचीबी अशीच गत झाली हुती पायाची. गुडग्यापत्तोर काय कळायचं न्हाई. चुलीतलं लाकूड पायावर पडलं, वास आला तवा बघितलं. मग मी रोज धुवायचो. कोमट पानी, बोटांच्या फटी कोरड्या करायच्या, तळव्याला खोबरेल, फटीत न्हाई. चप्पल झाडून मग पायात. आनि ह्या आरशात तळवं बघायचो. म्हणायची, लोकं आरशात त्वांड बघत्यात, आमचं येडं पाय बघतंय."

बाबा हसले. पण ते हसू लवकरच विझलं.

"नसा परत जित्या झाल्या?"

"न्हाई."

"मग इतकं धुवून काय झालं?"

"कापावं लागलं न्हाई."

"आनि ती?"

"ती गेली. दोन्ही पाय घेऊन गेली."

सर्जेरावाला हे उत्तर पुरलं नाही. कोणाला पुरेल?

"बाबा… तिचं गुडग्यापत्तोर गेलं हुतं म्हणालात. त्याच्या वर?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न कुठून आला आणि कुठे चाललाय, ते त्यांना कळलं होतं. खोटं बोलून माणूस घरी पाठवता येतो. बाबांनी तसं केलं नाही.

"आमची लेक शमा पाच वर्सांची असताना गेली. आठवतीया तुला?"

"आठवतीया की."

"त्येला किती साल झालं. मलनबी मरायला टेकली, पायाला सुई टोचली तरी हलायची न्हाई. डोळे मिटलेले. शेवटाला तिनं शमाला हाक मारली." बाबांनी आरसा खाली ठेवला. "काल गेल्यागत मारली."

"म्हंजे…"

"हितं येत न्हाई, सर्जा."

बाबांनी आपल्या छातीला हात लावला नाही. त्याच्याही नाही. पण सर्जेरावाचा हात छातीवर होता, तो हळूहळू खाली आला.

फाटकाबाहेरची बाई वाट बघून निघून गेली. सर्जेराव ओट्यावर बसला होता आणि त्याच्याजवळ आता काहीच नव्हतं. पोर नव्हतं, पोराच्या बदल्यात मिळालेली सिद्धी नव्हती, आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाट बघण्यासारखंही काही उरलं नव्हतं. इतके दिवस तो त्या बधिरपणाची वाट बघत जगला होता.

"मग पिरानं ऐकलंच न्हाई माजं," तो म्हणाला.

बाबा गप्प.

"पाय घेतलं, आनि हे छातीतलं ठेवलं."

बाबांनी अंगणाकडे पाहिलं.

"मग मी काय करू? सांगा की! इतकी वर्सं तुमच्या पायरीवर डोकं घासलं, कायतरी सांगा!"

बाबा उठले. अंगणातल्या चुलीवर पाण्याचं घंगाळ होतं. ते त्यांनी फडक्यानं धरून आणलं आणि सर्जेरावाच्या पुढ्यात ठेवलं. शेजारी गार पाण्याचा तांब्या ठेवला. खांद्यावरचा पंचा काढून त्याच्या मांडीवर टाकला.

"ह्यातनं उठलास की दवाखान्यात जायचं. आजच. जखम दाखवायची. गोळ्या परत मागायच्या, शिव्या दिल्या तर खायच्या. पण आदी पाय धू."

सर्जेरावानं भान नसल्यासारखं डावा पाय उचलला आणि घंगाळाकडे नेला. बाबांनी तो वरच्यावर धरला.

"त्येला काय इचारतोस? त्यो काय सांगणार? कोपर घाल."

सर्जेरावानं बाही वर केली. वाकला. कोपर पाण्यात घातलं.

"आई गं!"

त्यानं हात झटकन बाहेर ओढला. कोपर लालबुंद झालं होतं. आणि त्या इतक्याशा चटक्यानं तो माणूस फुटला. सगळ्या गावासमोर निखाऱ्यात उभा राहिलेला सर्जेराव चौगुले हात पोटाशी धरून लहान पोरासारखा रडायला लागला. आधी "भाजलं, भाजलं" म्हणत होता. नंतर पोराचं नाव घेऊन रडायला लागला. ते नाव त्यानं तोवर तोंडातून काढलं नव्हतं.

बाबांनी त्याला जवळ घेतलं नाही. कुंचा मांडीवरून खाली पडला होता, तोही उचलला नाही. रडणं ओसरेपर्यंत ते पाण्याकडे बघत बसले. वाफ निघत होती.

"बाबा," सर्जेराव म्हणाला, "लई भाजतंय वो…"

बाबांनी तांब्या त्याच्या हाताकडे सरकवला.

"थोडं गार घाल. आनि उद्या परत कोपर घालून बघ."