डाव्या चाकाची रेघ

खूप जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात एक कुंभार राहत होता. त्याची मडकी पंचक्रोशीत नावाजलेली होती, पण बैलगाडी मात्र भारी हट्टी.

दर महिन्या-दीड महिन्याने गाडीचं डावं चाक दगा द्यायचं. आरे तुटले की कुंभार ते चाक काढून सुताराकडे नेई, चाकाभोवतीची लोखंडी धाव निसटली की लोहाराकडे. एकदा तर दुभती शेळी विकून त्याने अख्खं चाक नवं केलं. तेही चार आठवड्यांत खिळखिळं झालं.

"चाकच अपशकुनी!" कुंभार म्हणे.

"चाक तर नवं आहे," बायको म्हणे. "जुना अपशकुन त्याला कसा सापडला हो?"

कुंभार चाक उचलून पुन्हा सुताराची वाट धरी.

मग नदीकाठची जत्रा जवळ आली. तिथे मडकी विकून घरात वर्षाचं धान्य येई. मागच्या साली वाटेत चाक निखळलं, निम्मी मडकी फुटली आणि पोराबाळांनी कण्यांवर दिवस काढले. यंदाही तसंच झालं, तर कण्यासुद्धा मिळणार नव्हत्या.

कुंभाराने पुन्हा आरे बदलले, मडक्यांमध्ये पेंढा ठासला आणि सकाळीच गाडी जुंपली. बायको शेजारी बसली.

वेशीबाहेर एक म्हातारी पाटी घेऊन गाड्यांमागून शेण वेचत चालली होती. तिने मागून हाक मारली, "अरे कुंभारा, थांब! तुझ्या गाडीचा आख वाकलाय."

कुंभार दचकला, मग हसला. "म्हातारे, शेण वेचता वेचता गाड्यांची वैद्य कधी झालीस?"

"मी कसली वैद्य! दिवसभर खाली बघून चालते, रेघा दिसतात. उतर, तूही बघ."

"आता? जत्रेतली मोक्याची जागा जाईल!"

"अहो, उतरा," बायको म्हणाली. "जागा गेली तर कोपऱ्यात बसू. मडकीच गेली तर काय मांडणार, पेंढा?"

कुंभार उतरला. आपल्याच गाडीच्या मागे तो आज पहिल्यांदा उभा राहिला होता. धुळीत उजव्या चाकाची रेघ सुरीने ओढल्यासारखी नीट होती. डाव्या चाकाची मात्र रुंद आणि फरपटलेली, जणू कुणी पाय ओढत गेलंय. त्याने वाकून पाहिलं. दोन्ही चाकं ज्यावर फिरतात तो लोखंडी आख डाव्या टोकाला वाकला होता. चाक बिचारं सारा वेळ तिरकं ओढलं जात होतं.

नवराबायकोने एकेक मडकं खाली उतरवलं आणि गाडी लोहाराकडे नेली.

"बाबा रे, इतक्या वेळा आलो, मग बोलला का नाहीस?" कुंभार चिडून म्हणाला.

"तू दर वेळी नुसतं चाक आणलंस," लोहार म्हणाला. "गाडी मी आज पाहतोय."

आख तापवून सरळ करण्यात दिवस गेला. कुंभार जत्रेत पोहोचला तेव्हा चांगल्या जागा संपल्या होत्या. मिळाला तो कोपरा, तोही उन्हातला. पण वाटेत एका मडक्याला साधा तडा गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी शेवटचा रांजण विकला गेला आणि गाडी जोंधळ्याची पोती लादून घराकडे वळली.

तात्पर्य: मोडलेलं सांधण्याआधी, ते का मोडतं हे शोधावं.