गणोजी वैद्यांचं बोट

फार फार वर्षांमागं, डोंगराच्या कुशीतल्या आंबेघोळ गावात गणोजी नावाचे वैद्य राहत. त्यांच्या चाटणानं पोरं बरी होत, आणि चाटण ते आपल्या बोटानंच जिभेवर लावत. गुण त्या बोटातच आहे, असं लोक म्हणत. हळूहळू गणोजींनाही ते खरं वाटू लागलं.

एका वर्षी गावात हगवण आली. गणोजी घरोघर फिरले. पोटं चाचपली, भरलेली दुपटी स्वतः उचलली, हात धोतराला पुसला आणि पुढच्या घरी गेले. आजार येऊ नये म्हणून धडधाकट पोरांनाही चाटण दिलं. आठ दिवसांत अकरा पोरं गेली. देवीचा कोप झाला, असं लोक म्हणू लागले. असं म्हणतात, त्या आठवड्यात गावात एकही पाळणा हलला नाही.

ओढ्यापलीकडे येसू नावाची विधवा तीन लेकरांसह राहायची. ओढ्याला पूर होता, म्हणून गणोजी तिकडे गेले नव्हते. पाणी ओसरताच ते चाटणाची वाटी घेऊन तिच्या दारात पोचले.

येसू उंबऱ्यातच आडवी उभी राहिली. "वैद्यबाबा, धोतराला काय लागलंय?"

"शेवंताच्या पोराचं दुपटं बदललं आत्ता."

"आन् त्येच बोट माझ्या लेकराच्या तोंडात घालणार?"

गणोजी भडकले. "या बोटानं गाव जगवलंय!"

येसू हळूच म्हणाली, "गाव आजारी हाय, बाबा. माझी पोरं बरी हायत. तुमी इकडं आलाच न्हाईत."

वाटी हातातून निसटली. आपण कुठल्या घरानंतर कुठल्या घरी गेलो, ते गणोजींना आठवलं. आजारही त्याच वाटेनं गेला होता. जंतू हा शब्द तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. ते आजाऱ्याच्या मळातून बोटावर, बोटावरून तोंडात आणि तिथून आतड्यात शिरतात, हे कुणी शिकवलं नव्हतं. गणोजींना ते आपल्या नखाकडे बघून कळलं.

ते चावडीवर गेले. मान वर न करता म्हणाले, "देवीचा कोप नव्हता. माझंच बोट होतं." कुणी शिवी दिली नाही. एकेक माणूस उठून घरी गेला. त्यापेक्षा कुणी दगड मारला असता तर बरं, असं त्यांना वाटलं.

पुढे ते प्रत्येक दारात राखेनं कोपरापर्यंत हात धूत आणि उकळलेल्या पाण्यात मीठ-गूळ घालून शिंपल्यानं पाजत. हगवण हटली. लोक पुन्हा पाया पडायला आले, तर ते पाय मागे घेत. असं म्हणतात, हात घासून घासून त्यांच्या तळव्यांवरच्या रेषा पुसून गेल्या. तरी अखेरपर्यंत ते हात पाठीमागे लपवत.

आजही आंबेघोळात तान्ह्याला भरवायला कुणी आलं, की आधी उंबऱ्याबाहेर हात धुतं आणि ओले तळवे आईला दाखवतं. बाई असो वा पुरुष, आई एवढंच म्हणते, "या, गणोजी." येणारा क्षणभर मान खाली घालतो, मग आत जातो.