अर्ध्या दाढीचा दर

राजे उदाजीरावांनी दवंडी पिटवली आणि भिकोबा न्हाव्याची म्हैस पाच रुपयांनी लांब गेली!

पाडव्याला राजांनीच प्रजेला सांगितलं होतं, पैसे माझ्या खजिन्यात ठेवा, वर्षाला शेकडा दहा व्याज देईन. दर वर्षभर पक्का. मात्र मुदतीआधी पैसे काढाल तर व्याजाची कवडी मिळणार नाही. भिकोबाने शंभर ठेवले. वर्षअखेर एकशे दहा होणार आणि तेवढ्यालाच त्याने एक म्हैस ठरवून ठेवलेली.

मध्यंतरी बाजारात व्याज पंधरावर चढलं. लोक वाढ मागायला गेले, तर राजे म्हणाले, ठरलं ते ठरलं. आता बाजार पाचावर उतरला आणि दवंडी आली, यंदाचं व्याज पाचच! एकशे पाचात म्हैस मिळेल, पण शिंगं मालकाकडेच राहतील, असं बायकोने भिकोबाला सुनावलं.

भिकोबा दरबारात गेला. राजे हट्टाला पेटलेले. म्हणाले, "ठरलेला दर मध्येच बदलता येत नाही, असं उद्या दुपारपर्यंत माझ्याच तोंडून वदवून दाखव. मग दहा देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी राजांची दाढी होती. दिवाणजी शेजारी कागद वाचत बसलेले. राजांचे व्याही भेटीला निघाले होते, वेशीपर्यंत आल्याची वर्दीही आली. भिकोबाने डावा गाल आरशासारखा केला, डावी मिशी विंचवाच्या नांगीसारखी कोरली. मग वस्तरा पुसला आणि धोकटी बांधायला घेतली.

"अरे, उजवी बाजू?" राजांनी विचारलं.

भिकोबा नम्रपणे म्हणाला की लग्नसराई लागली आहे, बाजारात दाढीचा भाव दुप्पट झालाय, तेव्हा उजवा गाल नव्या दराने.

राजांनी आरसा उचलला. एका बाजूला नवरदेव, दुसऱ्या बाजूला बोरीचं झुडूप! बाहेर व्याह्यांच्या घोड्यांच्या टापा वाजू लागल्या.

"लबाडा, वर्षाला चार मण ज्वारी ठरली आहे! पाडवा ते पाडवा! बाजार चढो की पडो, ठरलेला दर मध्येच बदलता येत नाही!"

भिकोबा दिवाणजींकडे वळला. "ऐकलंत ना? दुपार व्हायला अजून दोन घटका आहेत."

दिवाणजींनी कागद तोंडापुढे धरला, पण खांदे हलताना दिसलेच. राजे असे हसायला लागले की झुडपासकट सगळी मान डुलू लागली. सगळ्यांना दहाच द्या, असा हुकूम तिथेच सुटला. भिकोबाला म्हैस खजिन्यातून आणि व्याजाचे दहा रुपये वेगळे.

"आता तरी हा गाल कर बाबा," राजे डोळे पुसत म्हणाले. "काय घेशील?"

"जुनाच दर, महाराज. फक्त दाढी होईपर्यंत हसू आवरा, मुदतीआधी सुटलं तर कान जाईल."