दोन व्याही आणि गळके सांधे

एका डोंगरवाडीत रावजी नावाचे एक मायाळू गृहस्थ राहत असत. घरात ते आणि त्यांची सून मंजुळा, एवढीच माणसं. मुलगा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी यायचा. झरा होता वर कड्याच्या पायथ्याशी आणि घर खाली उतारावर. रोजचं पाणी मंजुळा डोक्यावरून आणायची आणि आता तर तिला सातवा महिना लागला होता. रावजी म्हणायचे, "आण, मी आणतो." पण त्यांचा गुडघा असा की, चार पावलांत निम्मा हंडा अंगावर सांडायचा. मंजुळा हसून तो काढून घ्यायची. रावजींच्या जिवाला मात्र घोर लागला होता.

शेवटी त्यांनी तालुक्याहून काळ्या प्लॅस्टिकच्या नळीचं भेंडोळं आणलं. मंजुळाचे वडील दौलतराव यांना हे कळलं, तसे तेही दुसरं भेंडोळं खांद्यावर टाकून हजर झाले. दोन्ही भेंडोळी मिळूनही नळी अंगणापर्यंत पुरेना, म्हणून एक जुना तुकडा लावला. असे दोन सांधे झाले. वरचा रावजींनी घेतला, खालचा दौलतरावांनी.

रावजींची रीत जुनी. नळीचं टोक जाळावर धरून मऊ करायचं, दुसरं टोक त्यात खुपसायचं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची आणि तारेने करकचून आवळायचं. दौलतरावांची रीत दुकानातली. आत दोन टोकं जोडणारा खाचांचा जॉइनर आणि वरून स्क्रूने आवळायची लोखंडी क्लिप. पण त्यांनी नळी गार असतानाच जॉइनरवर ढकलली, ती अर्ध्यावर अडली आणि तिथेच त्यांनी क्लिप आवळली.

पाणी सोडलं. रावजी नळीच्या कडेने खाली आले आणि पाहतात तो काय, व्याह्यांच्या सांध्यातून कारंजं उडतंय! पण लग्नात ज्यांच्या हातावर अत्तर लावलं, त्यांना नावं कशी ठेवायची? मंजुळाला काय वाटेल? ते म्हणाले, "पाव्हणं, लई झ्याक जमलंय." दौलतराव आंघोळीला गेल्यावर त्यांनी गुपचूप त्या सांध्यावर गवत पसरलं, वर माती लोटली. व्याह्यांची अब्रू राखली म्हणून त्यांना बरंही वाटलं.

अंगणातल्या नळाला मात्र सुतासारखी धार येत होती.

"झराच आटलाय," रावजी म्हणाले.

"तसंच दिसतंय," दौलतराव म्हणाले आणि दोघं दुसरीकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाने हंडा उचलला आणि ती पायवाटेला लागली. थोड्याच वेळात वरून हंडा गडगडत खाली आला.  गुडघा विसरून रावजी धावले, मागून दौलतराव. मंजुळा वाटेवरच्या खालच्या सांध्यापाशी चिखलात बसली होती. गवतावर पाय ठेवला आणि खाली सगळा राडा. नशीब बलवत्तर, लागलं कुठेच नव्हतं.

रावजींनी तिला हात देऊन उठवलं. अजूनही गप्प राहता आलं असतं. पण सुनेच्या चिखलाने भरलेल्या लुगड्याकडे बघून त्यांना राहवेना. "पाव्हणं," ते म्हणाले, "तुमचा सांधा गळतोय. म्या कालच बघितलं. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून झाकलं. पोर पडली ती माझ्यामुळं."

दौलतरावांनी मान खाली घातली. "तुमचाबी गळतोय, रावजी. तुमच्या तारेनं नळी कापलीया. मी पोरीचा बाप, कसं बोलायचं? मीबी त्याच्यावर दगूड ठेवलाय."

मंजुळाने लुगड्यावरचा चिखल झटकला. मग म्हणाली, "मामंजी, आबा, एकमेकांचा मान तुम्ही राखलात, आणि पडले मी."

दोघंही ओशाळले. मग मात्र कामाला लागले. गळके भाग कापून टाकले. जाळावर नळी जळून पातळ होते, हे दौलतरावांनी दाखवलं. गार नळी आतपर्यंत बसत नाही, हे रावजींनी दाखवलं. तेव्हा नळीचं टोक उकळत्या पाण्यात मऊ करून जॉइनरवर पार शेवटपर्यंत चढवलं, क्लिप बरोबर खाचांवर आवळली आणि सगळं गार होईपर्यंत पाणी सोडलं नाही. सोडलं तेव्हा दौलतराव सांध्याला नाक लावून बसले. "रावजी, एक थेंब येतोय!" ते ओरडले. रावजींनी क्लिप आणखी अर्धा आटा आवळली.

अंगणातला हंडा बघता बघता भरला. मंजुळा पायरीवर बसून तो भरताना पाहत राहिली.

मग रावजींनी स्वतः चहा केला. दौलतरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर टाकायची इसरलात वाटतं." लग्नाला तीन वर्षं झाली होती, एवढ्या दिवसांत व्याह्यांनी या घरात पहिल्यांदाच हक्काने काही सांगितलं होतं. रावजी डबा आणायला उठले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तात्पर्य: आपल्या माणसाची चूक दिसली, तर ती मायेने पण वेळेवर सांगावी, भिडेपोटी झाकलेली चूक भलत्याच्याच पायाखाली येते.