लाखेच्या मोहरेची पडशी

आडदऱ्याच्या घाटाखाली पायरवाडी नावाचं एक गाव होतं, अगदी पहिल्या चढाला पाठ टेकून बसलेलं. त्या गावात दौलती नावाचा एक तेली राहत असे. घाणा चांगला चाले, माणूसही लाख चांगला. पण डोळ्यांवर त्याचा फार भरवसा. दिसायला नीटनेटकं ते सगळं उत्तम, अशी त्याची पक्की समजूत होती.

पुढचं सांगण्याआधी त्या घाटाचं एक सांगायला हवं. श्रावणात तिथल्या दरीतून धुकं वर येई. तुम्ही म्हणाल, धुक्याचं काय एवढं? पण हे तसलं धुकं नव्हे. गावकरी त्याला धवळी म्हणत, आणि नाव घेताना आवाज खाली आणत. धवळी आली की भर दुपारी स्वतःचा तळहात दिसत नसे. अशा वेळी चालायचं नाही, असा तिथला नियम. जिथे असाल तिथे खाली बसायचं आणि ती जाईपर्यंत उठायचं नाही. कधी ती घटकाभरात जाई, कधी दिवसभर मुक्काम ठोकी. चालत राहिलेली माणसं पुढे कुणाच्या दृष्टीस पडली नव्हती.

म्हणून घाट चढणारा प्रत्येक जण खांद्यावर पडशी घेई. एक कप्पा छातीवर, एक पाठीवर, अशी ती कापडी पिशवी. त्यात चकमक, गूळ, सुंठ, दोरी, हाक पोचावी म्हणून बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा, असं अडीअडचणीचं सामान असे. आणि ती भरायची गावाची रीत मोठी न्यारी होती. आषाढ लागला की सगळं गाव देवळाच्या अंगणात जमे, डोळ्यांवर फडकं बांधे आणि आपापली पडशी चाचपडत भरे. तिला म्हणत आंधळी भरणी. चकमक घोंगडीच्या चिंधीत, गूळ करवंटीत, सुंठ पळसाच्या पानात. बोट लागलं की काय ते कळावं. म्हातारा सटवाजी गुरव काठी टेकत सगळ्यांमधून फिरे आणि मधेच एखाद्याला म्हणे, "दोरी काढ." डोळे बांधलेला तो गडी पडशीत हात घाली. दोरीऐवजी गूळ बाहेर आला की सगळं अंगण हसे, आणि बिचारा पडशी ओतून पुन्हा भरायला बसे.

दौलतीला या प्रकाराचा भारी कंटाळा. त्याच्या हातात दरवर्षी गूळच यायचा.

एका आषाढात शहरातून एक व्यापारी गावात आला. त्याच्याकडे तयार भरलेल्या पडश्या होत्या. खोटं कशाला बोला, माल देखणा होता. मेणकापडाची पडशी, पाण्याचा टिपूस आत जाणार नाही. आत एका मापाच्या, एकसारख्या शिवलेल्या थैल्या ओळीने बसवलेल्या. लाल थैलीत विस्तवाचं सामान, हिरवीत औषध, पिवळीत खाणं, निळीत पितळेची घंटा. तळाशी लोकरीचं पांघरूण, इतकं मऊ की ते हातात घेऊन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एक पडशी त्याने दाखवायला उघडी ठेवली होती. बाकी सगळ्यांच्या तोंडावर लाखेची लालचुटूक मोहोर.

"मोहोर फोडू नका," व्यापारी बजावून सांगे. "वेळ आली तरच फोडायची. आधी फोडलीत तर ओल शिरेल, मग माझी हमी नाही."

दौलती त्या संध्याकाळी ओसरीवर बसला. एका बाजूला जुनी पडशी, दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याकडून बघायला आणलेली नवी. जुनीला तेलाचे डाग, चार ठिगळं, एक बंद तुटलेला. नवीकडे नुसतं बघितलं तरी डोळे निवावेत.

"घ्यायची तर घ्या," त्याची बायको सगुणा म्हणाली. "पण जुनी असू द्या."

"दोन दोन ओझी कशाला? आणि आहे काय जुनीत? चिंध्या."

"चिंध्याच आहेत. पण त्या माझ्या ओळखीच्या आहेत."

दौलती हसला. नवी पडशी त्याने घेतली, आणि जुनीचं फडकं घाणा पुसायला काढलं. एका घराला एवढी एक पडशी पुरे, म्हणून सगुणाचीही त्याने फळीवर टाकायला लावली. नवी मात्र खुंटीला टांगली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती मोहोर दाखवी.

आंधळ्या भरणीच्या दिवशी तो सगळ्यांबरोबर अंगणात बसला खरा, पण बंद पडशी मांडीवर घेऊन. सटवाजी त्याच्यापाशी थांबला. त्याने पडशी सगळीकडून चाचपली.

"माल चांगला आहे, दौलती. आमच्यापेक्षा चांगला आहे. पण तुझ्या हाताची आणि हिची ओळख नाही. मोहोर फोड आणि बस भरायला."

"मोहोर फोडली तर हमी जाईल ना, बाबा."

"कशाची हमी?" म्हाताऱ्याने विचारलं.

दौलती पुन्हा हसला. म्हातारा हसला नाही, पुढे गेला.

श्रावण आला. नागपंचमीला सगुणाला माहेरी जायचं होतं, घाटमाथ्यावर. न्यायला यायचा तो भाऊ पाय मुरगळून घरी पडला होता, म्हणून दौलतीच तिला पोचवायला निघाला. चार वर्षांची लेक ठकी त्याच्या पाठुंगळी, खांद्यावर मोहरेची पडशी. सकाळ छान उजाडली होती. झरे खळखळत होते, ठकी प्रत्येक झऱ्याला हात जोडत होती. अर्धा घाट होईतो एक सर येऊन तिघंही ओलीचिंब झाली, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

आणि मग दरीतून धवळी वर आली.

दौलतीने आजवर ती गावातून पाहिली होती, लांबून. आज ती त्याच्यावरून गेली. आधी समोरचा कडा गेला. मग झाडं गेली, वाट गेली, चार पावलं पुढे चालणारी सगुणा गेली. काही काळोख झाला नव्हता. उजेड होता, भरपूर होता, आणि त्या उजेडात काही म्हणजे काही नव्हतं. पाखरं गप्प झाली, झऱ्यांचा आवाजही कुठून येतो ते कळेना. एवढा मोठा सह्याद्री कुणीतरी हलकेच पुसून टाकला होता. दौलतीला भीती वाटलीच, पण भीतीच्याही आधी वाटलं की आपण फार मोठ्या कुणाच्या तरी दारात न विचारता शिरलो आहोत.

"बसा," सगुणाचा आवाज आला. "आहात तिथंच बसा. मी बसले आहे."

तो बसला. पाठीला कपार लागली तेवढा आधार. ठकीला त्याने मांडीवर घेतलं. वारा सुटला. ओल्या कपड्यांत पोर थडथड उडायला लागली, रडायला लागली. बराच वेळ रडली. मग हळूहळू रडणं थांबलं, थरथरही थांबली, आणि तिची मान त्याच्या दंडावर कलंडली.

रडणाऱ्या पोराची काळजी नसते. गप्प झालेल्या पोराने आईबापाचं काळीज फाटतं.

"अहो, ती बोलत का नाही?" सगुणाने विचारलं.

"गार पडली आहे," दौलती म्हणाला.

त्याने दगडाने मोहोर फोडली. लाल थैली, विस्तवाची. त्याने हात आत घातला. सगळ्या थैल्या सारख्या. सारखं माप, सारखं कापड, सारखी गाठ. एक वर काढून त्याने डोळ्यांशी नेली. पांढरी. दुसरी काढली. तीही पांढरी. त्या दिवशी त्या घाटात रंग नावाची वस्तूच उरली नव्हती.

त्याने एक थैली उघडली, तर औषधाची पूड वाऱ्यावर उडून गेली. दुसरी ओढली, ती ओल्या बोटांतून निसटली. थैली कड्यावरून गेली, आणि आत जी घंटा होती ती वाजू लागली.

किण. किणकिण. मग खाली. मग आणखी खाली. मग इतक्या खाली की वाजते आहे की आपल्याला वाटतं आहे ते कळेना. दोघं श्वास धरून ऐकत राहिली. तळाला पोचल्याचा आवाज आलाच नाही. आपण कशाच्या कडेला बसलो आहोत ते दौलतीला तेव्हा समजलं. त्याने पडशीतून हात काढून घेतला आणि पोरीला घट्ट धरलं.

"अहो," सगुणा म्हणाली, आणि तिचा आवाज आता अगदी शांत होता, "डोळे मिटा."

"उघडे ठेवून तरी काय दिसतंय?"

"म्हणून तर म्हणते. उघडे आहेत तोवर तुम्ही रंगच शोधाल. मी बसल्या बसल्या सरकत येते तुमच्याकडे. पदर पसरते. एकेक थैली माझ्या हातात द्या. आपण भरणी करू."

दौलतीने डोळे मिटले. पोरीला त्याने सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि मोकळा हात पडशीत घातला. आता तो हात घाई करीना. एक थैली दाबून पाहिली, हलवली, नाकाशी नेली. सुंठेचा वास. "सुंठ," तो म्हणाला, आणि सगुणाने ती घेतली. दुसरी जड, तिच्यात दाबलं तर बोट रुतलं. "गूळ." त्याला आयुष्यात पहिल्यांदा गूळ हाताला लागल्याचा आनंद झाला. तिसरीत काटक्या कडकडल्या आणि राळेचा उग्र वास आला.

मिटल्या डोळ्यांमागे त्याला ती पडशी दिसायला लागली. कुठे काय, कशाच्या शेजारी काय. तो हातच जणू बघत होता. एवढी वर्षं हा हात आपल्याच खांद्याला होता आणि आपण त्याला कधी विचारलं नाही, याचं दौलतीला त्या तशा घटकेलाही नवल वाटलं.

तळाशी लोकर सापडली, कोरडी ठणठणीत. सगुणाने पोरीचे ओले कपडे काढून तिला त्यात गुंडाळलं. कपारीच्या आडोशाला दौलतीने चकमक झाडली. व्यापाऱ्याचं श्रेय व्यापाऱ्याला दिलंच पाहिजे. मेणात भिजवलेल्या त्याच्या कापसाने त्या ओलीतही ठिणगी धरली, राळेच्या काटक्या फुरफुरून पेटल्या. गावातला कापूस तिथे पेटला नसता. दोघांनी पोरीला मधे घेतलं, तिचे तळपाय चोळले, गुळात कालवलेली सुंठ तिच्या ओठांना लावली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग लोकरीतून बारीक आवाज आला, "आई, तिखट आहे."

सगुणा तोंडाला पदर लावून रडली. दौलती तर उघड उघड रडला. तसंही धवळीत कोण बघणार होतं?

दिवस कलायच्या सुमारास वारा फिरला आणि धवळी उतरली. जशी आली तशीच, घाईगर्दी न करता. कडा परत आला, झाडं परत आली. दौलतीने पायांशी पाहिलं. ज्या दगडावर तो बसला होता, त्याच्यापुढे वाट वीतभर होती. वितीपुढे काही नव्हतं. खाली ढगांची पाठ दिसत होती, आणि ढगांच्याही वर, पण त्याच्या पायांच्या पुष्कळ खाली, एक घार घिरट्या घालत होती. घारीची पाठ त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याने हात जोडले. कुणाला जोडले, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

पुढच्या आषाढात तो व्यापारी पुन्हा आला. दौलतीने त्याच्याकडून सगुणासाठी एक पडशी घेतली, आणि घेतल्या घेतल्या त्याच्या डोळ्यांदेखत मोहोर फोडली.

"अहो, हे काय केलंत?" व्यापारी कळवळून म्हणाला. "हमी गेली की."

"ती मागच्या श्रावणातच दरीत गेली, शेटजी. अजून खाली पोचली नसेल. पण माल तुमचा अस्सल आहे, वादच नाही."

मग नवराबायको देवळाच्या अंगणात बसली. मेणाचा कापूस आणि लोकर जशीच्या तशी ठेवली. दौलतीच्या पडशीत, दरीत गेलेल्या घंटेच्या जागी, बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा नव्या थैलीत घातली. लाल थैलीला सगुणाने घोंगडीची चिंधी शिवली, पिवळीला कवडी, हिरवीला सुंभाची गाठ. घंटेच्या थैलीला काय लावायचं ते मात्र दौलतीने ठरवलं. त्याने तिच्यावर फुटक्या मोहरेचा खरखरीत तुकडा टाके घालून बसवला. मग डोळ्यांवर फडकं बांधून दोघांनी दोन्ही पडश्या ओतल्या आणि भरल्या, ओतल्या आणि भरल्या.

काठी टेकत सटवाजी त्यांच्यापाशी आला. अंगण आधीच हसायच्या तयारीत होतं. दौलतीच्या हातात काय येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"दौलती," म्हातारा म्हणाला, "घंटा काढ."

दौलतीचा हात आत गेला. तो कुठे अडखळला नाही, कुठे थांबला नाही. अंगणात घंटा वाजली, आणि कुणी हसलं नाही.

तात्पर्य: संकटाचं सामान विकत घ्या नाहीतर घरी जमवा, पण ज्याची आपल्या हाताला ओळख नाही, ते संकटाच्या वेळी आपलं नसतं.