ईस्टरच्या पहाटेची दोरी

या, बसा या ओट्यावर. फोटो मागाहून काढा. लिंबाखाली टांगलेली ही घंटा आमच्या घोडेमाळच्या चर्चची. वर्षभर ती चर्चची राखण करणारा आमचा मार्कस वाजवतो. ईस्टरच्या पहाटे मात्र त्यानं दोरीला हातसुद्धा लावायचा नाही. वर्षात सर्वांत शेवटी ज्या घरातलं माणूस गेलं, ती पहाट त्या घराची. दुःखातल्या माणसाला सणाच्या कामाला कशाला जुंपता, असं पाहुणे विचारतात. तुम्हीही विचारणार होतात, तोंडावर दिसतंय. ऐका तर मग.

प्लेगचं साल होतं, असं सांगतात. मयताची घंटा वाजायची ती अशी: एक टोला, मग एक प्रार्थना म्हणून होईल एवढी शांतता, मग दुसरा टोला. त्या साली टोले थांबेनातच. लोकांनी घंटेचाच धसका घेतला. ही वाजते म्हणून माणसं जातात, असं कुणीतरी बोललं आणि चांगल्या शहाण्यासुरत्यांनी ते खरं मानलं. लोलकाला चिंध्या गुंडाळून घंटा मुकी केली.

गावात सगुणाबाई नावाची विधवा होती. तिची एकुलती एक मुलगी रिबका उत्तम शुक्रवारी, म्हणजे तुमच्या गुड फ्रायडेला गेली आणि बिनघंटेची पुरली गेली. पोरीला एक टोलासुद्धा मिळाला नाही, हे त्या माउलीच्या जिवाला फार लागलं. त्यात पंचमंडळींनी ठरवलं, यंदा ईस्टर करायचा नाही. कुठल्या तोंडानं करणार हो?

रविवारी झुंजुमुंजू होताना घंटा वाजली. एक टोला. शांतता. दुसरा टोला. घराघरांतली माणसं दचकून उठली, आता कोण गेलं? चर्चचे नथानिएल पाळक धावत आले. बघतात तर चिंध्या जमिनीवर आणि दोरी सगुणाबाईच्या हातात.

"बाई, सोडा ती. लोकांचे प्राण कंठाशी आलेत."

सगुणाबाई म्हणाली म्हणे, "पाळकसाहेब, कबरेशी तुम्हीच म्हणालात, प्रभू मेलेल्यातून उठला तशी रिबकाही उठेल म्हणून. ते खरं असेल तर या घंटेला काय भ्यायचं? आणि नुसतं माझ्या समाधानासाठी म्हणाला असाल, तर तसं सांगा. मी दोरी सोडते, आणि पुन्हा चर्चची पायरी चढत नाही."

पाळकांची बायकोही त्याच साथीत गेली होती. तेच शब्द त्यांनी तिच्याही कबरेशी म्हटले होते, आणि घरी येऊन दार लावून घेतलं होतं. ते पुढं झाले, सगुणाबाईच्या हातांवरच दोरी धरली आणि दोघांनी मिळून अशी ओढली, की टोल्यामागून टोला, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. सणाची घंटा! माणसं रडत रडत बाहेर आली. "प्रभू उठला आहे!" पाळक ओरडले. "खरोखर उठला आहे!" गावानं उत्तर दिलं.

प्लेग काही त्या दिवशी पळाला नाही हं, उगाच कशाला खोटं सांगू? पुढंही माणसं गेली. पण चिंध्या परत कुणी बांधल्या नाहीत.

आजही ईस्टरच्या पहाटे आधी मयताचे टोले पडतात, गेलेल्याच्या नावानं. मग घंटा सणाची होते. ती कधी व्हायची, हे दोरी धरणाऱ्यानं ठरवायचं. एका बापानं पार ऊन चढेपर्यंत वेळ लावला, गाव थांबलं.

उद्या ईस्टर. राहा इथंच, भाकरीची सोय होईल. यंदा सर्वांत शेवटी आमची मार्था गेली, माझी बायको. उद्याची दोरी माझ्या हातात आहे. मयताचे टोले मारीन मी, तेवढं जमेल. पुढचं जमेल की नाही, देव जाणे. पण गाव थांबेल.