कुंभारांकडची पुडी

एका बाजाराच्या गावात एक मापारीण राहत होती. मापारीण म्हणजे वाण्याच्या दुकानात धान्य मापून देणारी, गूळ फोडून देणारी, हळद-जिऱ्याच्या पुड्या बांधणारी बाई. तिचं नाव विचाराल, तर मला ठाऊक नाही. गाव तिला मापारीण म्हणे आणि ती ओ देई, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

वाण्याकडे ती बारा वर्षं होती आणि कामात मोठी तरबेज होती. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तिच्या हातात माप आलेलं असे. सोनारांकडे बारीक तांदूळ, तेल्यांकडे जाडा. पाटलांकडे सणाच्या आधी आठ दिवस गूळ. कुंभारांकडे हरभऱ्याची डाळ, तीसुद्धा निवडलेली. कुणी तोंड उघडायला गेलं की ती म्हणे, "कळलं हो, तुमच्याकडचं नेहमीचं ना?" आणि सामान पिशवीत पडे. वर एक चिमूट जास्तच. लोक खूश, वाणी खूश, आणि सगळ्यांत जास्त खूश ती स्वतः. "मला विचारावं लागत नाही," असं ती येताजाता सांगत असे.

पण पोती ओढून ओढून तिची कंबर धरली. त्याच सुमाराला वैद्यबुवांना औषधाच्या पुड्या बांधायला माणूस हवं होतं. तिथं पोती नाहीत, सावलीत बसायचं आणि चार लोक मानानं बघणार, असा विचार करून मापारणीनं वाण्याला विचारलं.

वाणी म्हणाला, "जा की. पुड्याच तर बांधायच्या. इथं हळदीच्या, तिथं हिरड्याच्या."

शेजारीपाजारीही हेच म्हणाले. ज्यांनी जन्मात एक पुडी बांधली नव्हती, ते तर सगळ्यांत मोठ्यानं म्हणाले.

वैद्यबुवा म्हातारे, हाडकुळे आणि तिरसट होते. पहिले दोन महिने त्यांनी तिला तराजूला हातच लावू दिला नाही. मुळ्या वाळत घाल, पाला निवड, खल धुऊन ठेव. बारा वर्षं तराजू धरलेली बाई ती, मनातल्या मनात चरफडत राहिली. तिसऱ्या महिन्यात एकदाचा तराजू मिळाला, तोही इवलासा, गुंजांनी तोलायचा. पहिल्याच पुडीत तिनं सवयीनं वर एक चिमूट टाकली. वैद्यबुवांनी काडीनं ती परत काढली.

"अहो, एका चिमटीनं काय होतंय?" मापारीण म्हणाली.

"त्या एका चिमटीनंच होतं," वैद्यबुवा म्हणाले. "वाण्याकडं वरचं दिलं की गिऱ्हाईक दुवा देतं. इथं वरचं दिलं, तर दुवा द्यायला गिऱ्हाईक शिल्लक राहायला हवं."

चिमूट सुटली. पण वैद्यबुवांची दुसरी खोड तिला काही केल्या सोसवेना. ते प्रत्येकाला नाव विचारत. औषध कुणासाठी, त्याचं नाव काय, दुखतंय काय. मग पुडीवर ते नाव लिहीत आणि पुडी देताना समोरच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेत. शेजारच्या भिंतीपलीकडचा माणूस असो, नाही तर रोज सकाळी राम राम घालणारा, वैद्यबुवा मान वर करून विचारायचेच, "नाव?"

एकदा एक बाई आली. म्हणाली, "ह्यांच्या खोकल्याचं औषध द्या."

"ह्यांचं नाव?"

"इश्श! नाव कसं घेऊ?"

"मग उखाण्यात घे. पण घे."

रांगेत अकरा माणसं उभी. बाईनं पदराशी चाळा केला, लाजली, आठवायला लागली, विसरली, पुन्हा आठवायला लागली. शेवटी एकदाची म्हणाली, "फडताळातल्या डब्यात जिरं आणि ओवा, रखमाजीरावांचा खोकला एकदाचा जावा." रांगेतल्या बायकांनी वाहवा केली. वैद्यबुवांनी शांतपणे 'रखमाजी' असं लिहिलं. मापारणीनं कपाळाला हात लावला.

बाई गेल्यावर ती म्हणाली, "वैद्यबुवा, ती तेल्यांकडची. हे मला माहीत, तुम्हाला माहीत, बाहेर उभ्या असलेल्या गाढवालाही माहीत. मग विचारायचं कशाला?"

"गाढवाला विचारून मी औषध देत नाही," वैद्यबुवा म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. "नाव?"

आता तुम्हीच सांगा, अशा माणसापुढं कोण काय बोलणार?

पुढं एकदा वैद्यबुवा शेजारच्या गावी रोग्याला बघायला गेले, ते तीन दिवस आलेच नाहीत. मापारणीला रान मोकळं मिळालं. तिनं औषधाचं फडताळ झाडून-पुसून काढलं. कोणती पुडी कोणत्या घरची ते तिला पाठच होतं, म्हणून वरची नावं न वाचताच मळक्या कागदातल्या पुड्या सोडल्या, नव्या कोऱ्या कागदात बांधल्या आणि वाण्याकडच्यासारखे घरवार कप्पे केले. हा सोनारांचा, हा तेल्यांचा, हा पाटलांचा, हा कुंभारांचा. पुडीवर माणसाचं नाव नाही, नुसतं घर. कुंभारवाड्यात घरं सात होती, पण औषध त्यांतल्या एकाच घरी चाललेलं होतं, म्हणून तिनं नुसतं 'कुंभार' लिहिलं. आता बघतील म्हातारबुवा, काम कसं झटपट होतं ते, असं ती स्वतःशीच म्हणाली.

बाजाराच्या दिवशी सकाळी वैद्यबुवा परतले. दारात गर्दी होती आणि मागच्या खोलीत काढा उकळायचा खोळंबला होता, म्हणून ते तडक मागं गेले. फडताळाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. मापारणीनं पुढची बाजू सांभाळली. "कळलं हो, तुमच्याकडचं ना? घ्या." बघता बघता निम्मी रांग सरली. लोक म्हणाले, "असं असावं! नाही तर तो म्हातारा, नाव विचारून विचारून जीव खातो."

तेवढ्यात कुंभारांची सून आली. तिला सातवा महिना लागला होता.

"आमच्याकडचं द्या," ती म्हणाली.

"कळलं हो," मापारीण म्हणाली. कप्प्यात दोन पुड्या होत्या. दुसरी पुढल्या बाजाराची असेल, असं समजून तिनं वरची उचलून दिली.

"दुधातून घ्यायची न्हवं?"

"हो हो, घरी गेल्या गेल्या घे."

सून गेली. थोड्या वेळानं वैद्यबुवा हात पुसत बाहेर आले आणि फडताळ बघून जागीच थांबले. मग कुंभारांच्या कप्प्यातली उरलेली पुडी त्यांनी उचलली, सोडली, हुंगली.

"ही शतावरी आहे. ही कुणाची?"

"कुंभारांकडची," मापारीण ऐटीत म्हणाली.

"कुंभारांकडं कुणाची?"

मापारीण कप्प्यात डोकावून बघू लागली.

"दुसरी पुडी कुठाय?"

"सून येऊन घेऊन गेली."

"कोणती दिलीस तिला?"

"कुंभारांकडचीच दिली की!"

वैद्यबुवांनी डोकं धरलं. "अगं बाई, ती सासूची पुडी होती! सासूचे गुडघे धरलेत, म्हणून तिला पोट झाडून काढणारं जहाल औषध दिलंय मी. सातव्या महिन्यातल्या पोरीच्या पोटात ते गेलं, तर पोर हातचं जाईल. पळ!"

मापारीण पदर खोचून पळाली. कंबर धरलेली होती, तरी पळाली. बाजारातून, पारावरून, विहिरीला वळसा घालून कुंभारवाड्याच्या तोंडाशी आली आणि थांबली. वाड्यात ती जन्मात कधी आली नव्हती. गिऱ्हाईकच दुकानात यायचं, तिला येण्याची गरज काय? कोणतं घर कोणाचं, तिला कळेना. हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं.

आणि हाक कुणाला मारायची?

चार वर्षं तिनं त्या पोरीच्या पिशवीत डाळ घातली होती. डाळ निवडलेली लागते, हे तिला ठाऊक होतं. नाव ठाऊक नव्हतं.

"कुंभारांच्या सुनेला थांबवा!" ती ओरडली. "पुडी घेऊ देऊ नका!"

सात दारं उघडली आणि नऊ सुना बाहेर आल्या.

"कोन्ती सून?"

"ती... पोटुशी!"

"पोटुशा चौघी हायत, बाई. कोन्ती?"

"जिच्या सासूचे गुडघे धरलेत ती!"

"गुडघं कुनाचं धरलं न्हाईत हितं? नाव सांगा की तिचं!"

मापारणीला रडू कोसळलं. स्वतःचा असा संताप तिला जन्मात आला नव्हता. तिच्या त्या सगळ्या शहाणपणाचा आता कवडीचा उपयोग नव्हता. ती एकेका दारात डोकवत सुटली. पहिलं घर नाही, दुसरं नाही, तिसरं नाही. पाचव्या घरात ती पोरगी चुलीपाशी बसलेली दिसली. पुढ्यात पुडीचा मोकळा कागद आणि दुधाचं रिकामं भांडं.

"घेतलीस?" मापारणीनं विचारलं.

"न्हाई," सून म्हणाली.

"मग हे भांडं?"

"आत्याबाईंनी घेतलं," सून हळूच म्हणाली. तिचा चेहरा पार वैतागलेला होता. "म्हनल्या, घरात औषध आलं की आधी थोरल्यांनी घ्यायचं. दूधबी त्यांनीच पिलं."

इतक्यात मागचं दार उघडून सासू तांब्या हातात घेऊन आत आली. मापारणीकडे तिनं रागानं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पोट धरलं आणि तशीच पुन्हा बाहेर गेली.

म्हणजे सासूची पुडी सासूच्याच पोटात गेली होती. मापारीण उंबऱ्यावरच बसली. तिला हसू आलं आणि रडूही आलं.

परत येऊन तिनं सगळं सांगितलं. वैद्यबुवांना हसू आलं नाही.

"आज सासू हावरी होती म्हणून पोर वाचलं," ते म्हणाले. "मी औषधशाळा कशाच्या जिवावर चालवायची? गावातल्या सासवांच्या हावरेपणावर?"

मापारीण खाली मान घालून म्हणाली, "मी आपली जाते वाण्याकडं परत. तिथं साखरेऐवजी मीठ गेलं, तर फार तर खीर बिघडते."

"जा. दार उघडंच आहे," वैद्यबुवा म्हणाले. "पण जायच्या आधी एवढं सांग. वाण्याकडून नेलेला गूळ कुणाचा?"

"घराचा. सगळ्यांचा."

"आणि ही शतावरीची पुडी कुणाची?"

पुडी कुणाची, ते तिला अजूनही सांगता येत नव्हतं. तिनं वैद्यबुवांच्या हातून पुडी घेतली आणि पुन्हा कुंभारवाड्याची वाट धरली.

"पोरी, तुझं नाव काय?" तिनं सुनेला विचारलं.

"कुठलं सांगू? म्हायेरचं का सासरचं?"

मापारणीनं डोळे मिटून श्वास घेतला. "दोन्ही सांग."

"म्हायेरी हौसा. लग्नात भागीरथी ठेवलं. पर त्या नावानं अजून कुनी हाक मारली न्हाई."

"आणि हौसा म्हणून?"

"आई मारायची."

मापारणीनं पुडीवर 'हौसा' लिहिलं, तिच्याकडून ते वदवून घेतलं आणि मगच पुडी तिच्या हातात दिली.

वाण्याकडे ती परत गेली नाही. त्या दिवसापासून ती अशी काही नावं विचारू लागली, की लोक म्हणायला लागले, म्हातारा परवडला. सख्खी बहीण डोकेदुखीचं औषध घ्यायला आली, तर तिलाही विचारलं, "नाव?" बहीण आठ दिवस बोलली नाही. बोलू नये, खुशाल बोलू नये. पण पुडी बरोबर गेली.

दोन महिन्यांनी हौसा बाळंत झाली. नवव्या दिवशी तिची सासू तावातावानं औषधशाळेत आली. बाळाच्या पोटात कळ येत होती, रडून रडून त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं. वैद्यबुवांनी बेंबीभोवती लावायच्या लेपाची पूड काढून दिली. मापारणीनं बोरू उचलला.

"बाळाचं नाव?"

"अगं, आजून बारसं व्हायचंय! नऊ दिसाच्या पोराला नाव कुठलं?"

"नावाशिवाय पुडी देत नाही."

"मग बारश्यापतूर रडू दे का त्याला? लिही की कुंभारांचं बाळ! सगळं गाव वळखतंय आमाला!"

रांग चुळबुळायला लागली. कुणी म्हणालं, "दे बाई, उगाच ताणू नको." वैद्यबुवाही मान वर करून बघू लागले, आता ही काय करते म्हणून. मापारणीनं क्षणभर विचार केला आणि पुडीवर लिहून मोठ्यानं वाचलं, "हौसाचं बाळ."

"हौसा कोन?" सासूनं विचारलं.

रांगेतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं.

"तुमची सून," मापारीण म्हणाली.

सासूचा चेहरा लालबुंद झाला. "सून असंल माझी. पर पोर कुंभारांचं हाय! तसंच लिव्हायचं!"

"कुंभारांची घरं सात," मापारीण म्हणाली. "यंदा पाळणे हलले चार. हौसा एकच आहे." तिनं पुडी पुढं केली, पण सोडली नाही. "आता म्हणा बघू, पुडी कुणाची?"

सासूनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. रांगेतलं कुणी मदतीला येईना. घरी पोर रडत होतं. शेवटी ती जमिनीकडे बघत पुटपुटली, "हौसाच्या बाळाची."

मापारणीनं पुडी सोडली आणि मान वर केली. "पुढचं कोण? नाव?"

तात्पर्य: किराणा घराचा असतो, औषध एकेका माणसाचं असतं. घर ओळखलं म्हणजे माणूस ओळखलं, असं होत नाही, म्हणून नाव विचारणाऱ्यावर चिडू नये. आणि एवढं ऐकूनही कुणी "आमच्याकडचं नेहमीचं द्या" म्हणालंच, तर त्याच्या सासूला देव सदैव हावरी ठेवो.